खोतांच्या घरासमोर
ब्रेकचं रबर तापल्याचा वास आला की नदीकडे उतरणारी जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची ती जुनी पाखाडी आणि तो दिवस आठवतो. पुण्याहून आलेले हेल्मेटवाले सायकलस्वार पाखाडीवरच्या खोतांच्या घरासमोरून खडखडत गेले, तेव्हा ओटीवरच्या म्हाताऱ्याने कौतुकाने हात हलवला. त्यांच्यामागे मी होते, भावाच्या सायकलवर. आमच्या बौद्धवाडीतल्या माणसाने तिथे उतरून चालत जायचं, असा रिवाज. "गो, उतर खाली!" तो ओरडला. "तुझा बापूसपण उतरायचा." मी करकचून ब्रेक दाबला, एकच पाय टेकला. "म्हणूनच मी नाय उतरत," म्हटलं आणि पेडल मारलं. आता अशा सायकलवाल्या पाहुण्यांना त्या वाटेने मीच नेते. तिथलं वळण अवघड आहे, भलेभले घाबरतात. पण त्या घरासमोर कुणी सायकलवरून उतरायचं नाही, हे मी निघतानाच बजावते.