पांढरा पाव आणि नवी कवळी

ती केस मनात आली की आधी एक जुना जर्मन सिनेमा डोळ्यांसमोर येतो.

दक्षिण इलिनॉयमधल्या एका ग्रामीण काउंटीत मी शेरिफच्या ऑफिसात डिटेक्टिव्ह होतो. निवृत्तीला वर्षच उरलं होतं. गावातला कारखाना बंद पडलेला, अर्धी घरं रिकामी. त्या हिवाळ्यात गाड्यांखालचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोरीला जाऊ लागले. धूर साफ करणारा हा भाग. आत मौल्यवान धातू असतात, म्हणून चोर तो कापून भंगारात विकतात. चौथी चोरी चर्चच्या व्हॅनची झाली. तीच व्हॅन म्हाताऱ्या माणसांना डायलिसिसला नेत असे. एका आजींच्या दोन खेपा चुकल्या आणि त्या आयसीयूत पोचल्या. शेरिफने फाइल माझ्या टेबलावर आणून ठेवली.

दुसऱ्याच दिवशी निनावी फोन आला, की चोर म्हणजे बाहेरून आलेला एक शेतमजूर आहे. मी त्याला बोलावलं, हक्क वाचून दाखवले आणि चार तास प्रश्न विचारले. तो थरथरत होता. घाबरलेला माणूस गुन्हेगार असतोच असं नाही, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. त्या दिवशी मीच विसरलो. त्याच्या मालकाकडची हजेरीवही तपासली तेव्हा कळलं, चारही वेळा तो गोठ्यात कामावर होता. मी माफी मागितली. त्याने मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या शनिवारी मी मुलीकडे शिकागोजवळच्या शॉमबर्गला गेलो. ती सिनेमाचा अभ्यास करते.

"बाबा, कॅम्पसवर एक जर्मन पिक्चर आहे," ती म्हणाली. "थोडा स्लो आहे, बट यू विल लाइक इट. त्यात तुमच्यासारखा एक पोलीस आहे."

दोनशे वर्षांपूर्वीचं खेडं, पीक बुडालेलं. काही गावकरी जमीनदाराच्या कोठारातला गहू चोरतात. चोरी पडद्यावर दिसतच नाही. कॅमेरा स्वयंपाकघरात वाट पाहणाऱ्या बायकोपाशी थांबतो. तपासाला आलेला अंमलदार कोणाला मारत नाही की दटावत नाही. तो रोज सकाळी गल्लीतून हिंडतो. सगळं गाव बार्लीची पेज पीत असताना एका घरातून त्याला पांढऱ्या पावाचा वास येतो. इतका खरा तपास मी पडद्यावर दुसरा पाहिलेला नाही. पोलिसांचे सिनेमे मी सहसा हसत बघतो. इथे मात्र अंमलदार दार ठोठावतो तेव्हा मी, जन्मभर दारं ठोठावलेला माणूस, आतल्यांच्या बाजूने बसलो होतो. हे त्या दिग्दर्शकाचं मोठेपण.

गावी परतल्यावर मी चोर शोधायचं सोडलं आणि कोणाच्या घरी बरे दिवस आलेत ते पाहू लागलो.

बुधवारी नेहमीच्या डायनरमध्ये नाश्त्याला बसलो. तिथे वाढणाऱ्या साठीच्या बाईंना पुढचे दात नव्हते. त्या तोंडावर हात धरूनच बोलत. त्या दिवशी कॉफी ओतताना त्या मोकळ्या हसल्या. नवी कवळी होती. मी अभिनंदन केलं.

"नवऱ्याने करून दिली," त्या कौतुकाने म्हणाल्या.

नवरा मेकॅनिक, वर्षभर बेकार. माझी कॉफी तशीच राहिली.

कवळी हा काही पुरावा नव्हे. मी आसपासच्या भंगारवाल्यांना त्याच्या पिकअपचा नंबर पाठवला. तिसऱ्याच्या नोंदवहीत तो चार वेळा सापडला, प्रत्येक चोरीनंतर एकदा.

चौकशीच्या खोलीत त्याने वकील नको म्हणून सांगितलं. मी नोंदीची प्रत समोर ठेवली, आवाज न चढवता आजींबद्दल सांगितलं. त्याने प्रत बाजूला सारली.

"ती व्हॅन कशासाठी जाते ते मला माहीत नव्हतं. माझ्या बायकोने सहा वर्षांत सफरचंद चावून खाल्लं नव्हतं."

त्याने जबाबावर सही केली. पुढे कबुलीमुळे शिक्षा सौम्य झाली. आजी घरी परतल्या, व्हॅनही सुरू झाली. मी त्याच डायनरमध्ये जात राहिलो; न जाणं मला भ्याडपणाचं वाटलं. बाई कॉफी ठेवत आणि लगेच पुढच्या टेबलाकडे वळत.

तपास बरोबर होता, आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण सहा वर्षं ती बाई रोज माझ्यासमोर उभी राहत होती आणि तिचे हाल मला दिसले नव्हते. तिचं सुख दिसायला मात्र एक सकाळ पुरली.