पुण्याच्या सहलीचं टाचण

"बाई, पोरीला पुणं दावायचं हाय. तेवढा प्लॅन करून द्या."

सुभेदार वर्गाच्या दारात उभे होते. बूट उंबऱ्याबाहेर काढलेले, टोपी काखेत. आत सातवीच्या मुली बसल्या होत्या. त्यांत पहिल्या रांगेत त्यांचीच इंदू, वय चौदा. बापाचा आवाज ऐकून सगळ्या मुलींनी माना वर केल्या. इंदूनं तेवढी खाली घातली.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. मी आष्ट्याच्या मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. पुण्यात ट्रेनिंग कॉलेजची दोन वर्षं काढलेली, म्हणून पुण्याच्या बाबतीत गावात शेवटचा शब्द माझा. मनगटावर वडिलांचं घड्याळ असायचं. ते बंद होतं. पण मधूनमधून त्यात बघितलं की समोरचा माणूस आपोआप थोडक्यात बोलतो, हे मला कळलं होतं.

मी घड्याळात बघितलं. सुभेदार थोडक्यात बोलले नाहीत. मला व्हरांड्यात घेऊन गेले.

"बाई, पोरगी माझ्यासंगं बोलत न्हाई. मी घरात पाऊल टाकलं की उठून आत जाती. लढाईवर गेलो तवा खांद्यावरनं उतरत नव्हती. आता साधी हाक मारत न्हाई. रजा संपत आली. पुन्यात आठ दिस संगं हिंडली, तर बोलंल. काय म्हनता?"

"बोलेल की," मी म्हणाले. "प्लॅन नीट असला म्हणजे झालं."

आता प्लॅन म्हणजे मला एकच ठाऊक होता. पाठटाचण. शिकवण्याआधी बाईनं काय शिकवणार, कशासाठी, कुठल्या क्रमानं, ते लिहून काढायचं, त्याला टाचण म्हणायचं. तपासणीला साहेब आले की वर्गाकडे नंतर बघत, आधी टाचण मागत. त्यात पायऱ्या ठरलेल्या. पहिली प्रस्तावना: मुलांना जे येतं त्यावरचे प्रश्न. दुसरी हेतुकथन: 'आज आपण अमुक शिकणार आहोत' असं मुलांना सरळ सांगून टाकायचं. मग पाठ, उजळणी, गृहपाठ. यातलं हेतुकथन मला फुकटचं वाटायचं. फळ्यावर भागाकार मांडला की भागाकार शिकायचाय हे पोराला कळतंच की. ते आणि वेगळं काय सांगायचं?

तर मी पुण्याच्या सहलीचं टाचण काढलं. पहिला दिवस शनिवारवाडा, विषय पेशवाई. दुसरा पर्वती, विषय देवालयं आणि व्यायाम. मग बंड गार्डन, विषय धरणं आणि पाणीपुरवठा. प्रत्येक ठिकाणी इंदूला विचारायचे प्रश्न. 'पर्वतीला इतक्या पायऱ्या का बांधल्या असतील?' उत्तर मलाही येत नव्हतं. गृहपाठ, मुठा नदीवर दहा ओळी. आज हे आठवलं की इंदूची नाही, मुठेची दया येते.

आणि एक सांगून टाकते. यातलं मी काही बघितलेलं नव्हतं. आम्ही मुली हॉस्टेलातून बाहेर पडायचो त्या दोन-दोनच्या रांगेत, पुढे मेट्रन, मागे मेट्रन. दोन वर्षांत मी पुण्यात काय बघितलं, तर पुढच्या मुलीची वेणी.

सुभेदारांनी टाचण उभ्या उभ्या, अटेन्शनमध्ये ऐकून घेतलं.

"फसकलास," म्हणाले. "फकस्त शनवारची सांज मोकळी सोडा. खडकीला माझा मेव्हना ऱ्हातो. त्याच्या घरी बसू."

मी लिहिलं, 'शनिवार सायंकाळ: मामाकडे विश्रांती.'

दुसऱ्या दिवशी इंदूला बोलावलं. "तुला काय बघायला आवडेल गं?"

"बाई सांगतील ते."

काय गुणी मुलगी, असं मला वाटलं. सातवीतली पोर हे उत्तर कधी देते, हे ओळखायला मला पुढे बरीच वर्षं नोकरी करावी लागली.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी सामान तपासायला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. पण टाचणात 'साहित्य' असा रकाना असतो, तो मला रिकामा सोडवेना. इंदूची आई पारूबाई ट्रंक भरत होत्या. भाकऱ्या, चटणी, रेशनमधून राखून ठेवलेली साखर. त्याखाली हिरव्या काठाचं कोरं लुगडं. आणि एका चिंधीत नथ.

"पर्वती चढायला नथ कशाला, पारूबाई?"

"आवं, असूं द्या की. बायामानसांत जायचं म्हंजे..." त्या साखरेची पुडी पुन्हा बांधायला लागल्या. ती बांधलेलीच होती.

मागच्या दारी इंदू म्हशीला वैरण टाकत होती. मी जवळ गेले तरी वळली नाही.

"काय झालं गं? उद्या पुण्याला जायचं, तर तोंड का उतरलंय?"

"तुमी बी त्यांच्यातल्याच, बाई."

"कुणातल्या?"

"शनवारची सांज तुमीच लिवली न्हवं? मामानं स्थळ काढलंय. रजेवर आलेला बाप लेकीला नवं लुगडं घेतो ते कशापायी, ते समद्या गावाला ठावं हाय. तुमास्नी ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. खरंच. लढाईवरून माणूस परतलेल्या घराघरांत त्या वर्षी हेच चाललं होतं. रजा मिळायची, मुलगी दाखवायची, रजा संपायच्या आत अक्षता. गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मी घड्याळात बघत होते.

"वर्षभरानं फायनल हाय, बाई. तुमीच म्हनला व्हता, मी पास हुईन म्हणून."

फायनल म्हणजे सातवीची सरकारी परीक्षा. ती झाली की पोरगी मास्तरीण होऊ शकायची. मी तसं म्हणाले होते खरं, आणि शनिवारची सांजही मीच लिहिली होती.

सुभेदार पुढच्या कट्ट्यावर बूट घासत बसले होते. बूट त्यांचे तेच घासत, दुसऱ्याला हात लावू देत नसत. मी समोर जाऊन उभी राहिले. तपासणीला आलेले साहेब ज्या आवाजात विचारायचे, तो आवाज काढायचा प्रयत्न केला. चिरका निघाला.

"सुभेदार, या सहलीचा हेतू काय?"

"म्हंजे? पोरीला पुणं दावायचं."

"आणि?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही, पण तो चालेनासा झाला.

"आनि पुन्याला पोरगी दावायची," मागून इंदू म्हणाली. ती माझ्यामागोमाग चौकटीपर्यंत आली होती. हाताला वैरणीचा भुसा तसाच.

"कुनी सांगितलं हिला?"

"म्या न्हाई!" आतून पारूबाई ओरडल्या. झालं, जे कळायचं ते सगळ्यांना कळलं.

मला वाटलं, आता हा माणूस भडकणार. ते भडकले नाहीत. बुटाच्या टाचेकडे बघत बोलले.

"बाई, रजा संपली की पुन्यांदा पलटन. कुठं धाडत्यात, सांगत न्हाईत. संगं गेलेली पोरं समदी माघारी आली न्हाईत. म्हनलं, माझ्या डोळ्यांदेखत हिचं हुईल तेवढं बरं. पुनं बी बघंल, स्थळ बी बघंल. एका खेपंत दोन कामं. यात काय वंगाळ केलं?"

वंगाळ काहीच नव्हतं. कुणी पोरीला सांगितलं नव्हतं, एवढंच.

"मग मला का न्हाई सांगितलं, आबा?" इंदू म्हणाली. "मी काय सांगितलेलं ऐकत न्हाई व्हय? फायनल हुईस्तवर थांबा. मग बघा."

सुभेदारांनी मान वर केली.

"काय म्हनलीस?"

"फायनल हुईस्तवर..."

"त्येच्या आदी."

इंदू ओठातल्या ओठात म्हणाली, "आबा."

त्यांनी बूट उचलला आणि पुन्हा घासायला घेतला. तो आधीच चकाकत होता. घासता घासताच म्हणाले, "बाई, शनवारची सांज खोडा."

"आवं, पर दादाला काय सांगू?" आतून पारूबाई. "त्यानं पावन्यांस्नी बोलावलंय!"

"सांग, ऑर्डर बदलली म्हणून. पोह्यांचं पैसं देतो म्हनावं."

"आणि त्या सांजेला काय घालू?" मी विचारलं. रिकामा रकाना मला सोसत नव्हता.

"तुमी नगा घालू. ती घालंल."

पारूबाईंनी मलाही बरोबर घेतलं. पुण्याची माहितगार म्हणून! कोळशावर चालणारी सर्विस मोटार दोनदा बंद पडली, सांगलीला गाडी मिळाली, आणि पुण्यात उतरल्यावर मी सगळ्यांना घेऊन आत्मविश्वासानं उलट्या दिशेनं निघाले. समोर कुणाची वेणी नव्हती ना! शेवटी इंदूनं टांगेवाल्याला वाट विचारली. पर्वतीवर तिनंच मला विचारलं, "बाई, इतक्या पायऱ्या का बांधल्या असतील वो?" आणि बापाकडे बघून हसली. सुभेदार खोकले. पोरीला माझं टाचण पाठ होतं.

मामा दोन दिवस बोलले नाहीत. नथ ट्रंकेतून बाहेर निघाली नाही.

शनिवारी सांजेला इंदू म्हणाली, बाई शिकल्या ते कॉलेज बघायचंय. गेलो. फाटक बंद. सुभेदारांच्या अंगावर युनिफॉर्म होता, तो बघून पहारेकऱ्यानं सलाम ठोकला, पण फाटक काही उघडलं नाही. बाप-लेक गजांतून आत बघत उभे राहिले. आत दोन-दोनच्या रांगेत मुली चालल्या होत्या.

"हितं किती वर्सं ऱ्हावं लागतं?" त्यांनी मला विचारलं.

"दोन."

"पलटनीपरीस कमीच की," ते म्हणाले, आणि टांग्याकडे चालू लागले. इंदू त्यांच्या मागोमाग पळाली.

सुभेदार त्या खेपेला पलटणीतून माघारी आले. इंदू फायनल पास झाली आणि पुढच्या जूनमध्ये त्या फाटकाच्या आत गेली. स्थळ नंतर आलं, तेव्हा तिला आधी विचारलं. ती नाही म्हणाली. दुसऱ्याला हो म्हणाली.

मी मात्र त्यानंतर नोकरीभर हेतुकथन गाळलं नाही. अजून गाळत नाही. परवा नातीला दात काढायला न्यायचं होतं. सून म्हणाली, आईस्क्रीम खायला चाललोय असं सांगा. मी रिक्षात बसायच्या आधीच सांगितलं, दात काढायला चाललोय. नातीनं गल्ली डोक्यावर घेतली. पण बसली. दात काढून झाल्यावर माझ्याशी बोलत होती, तोंडात कापूस असूनही. आईशी अजून बोलत नाही, आईस्क्रीम कुणाच्या डोक्यातलं होतं ते तिला कळलंय.

कुणी सांगितलं म्हणता? म्या न्हाई!