पाहुण्याला हॉटेलवर सोडायचं होतं

जयमाला थेरगावची. डांगे चौकाजवळची त्यांची शेती गेली, तिथं इमारती उभ्या राहिल्या, आणि आलेल्या पैशातून धाकट्या भावानं, रणजीतनं, गाड्या घेतल्या. नवरा वारल्यावर माहेरी आलेली जयमाला त्यातलीच एक चालवायला लागली. विमानतळावर पाहुणा घ्यायचा आणि चाकणच्या हॉटेलात सोडायचा, हे तिचं काम. आवाज मोठा, गाडी त्याहून जोरात.

चाकणच्या एका कारखान्यानं पाहुण्यांच्या गाड्यांचं काम रणजीतला दिलं. आधी ते प्रज्वल नावाच्या गुंडाकडं होतं. त्यानं रणजीतच्या ड्रायव्हरला, बाळूला, रस्त्यात गाठून त्याचा जबडा फोडला. बाळू दवाखान्यात नळीनं पाणी पीत पडला होता आणि इकडं नटराजन नावाचे वयस्क इंजिनिअर चेन्नईहून विमानात बसले होते.

"अक्का, आज जाऊ नको," रणजीत म्हणाला.

"मग पाहुण्याला कोण आणणार? तू जातोस?"

तिनं किल्ली उचलली.

भर दुपारी नटराजन गाडीत बसले. विश्रांतवाडी, दिघी, आळंदी. मोडक्या हिंदीत ते नातीचं कौतुक सांगत होते. इंद्रायणीचा पूल ओलांडला, केळगाव मागं पडलं, आणि एक काळी जीप पुढं येऊन आडवी थांबली.

तिघं उतरले. प्रज्वलच्या हातात कोयता, बाकी दोघांकडं लोखंडी गज. पहिल्याच फटक्यात पुढची काच फुटून तिच्या मांडीवर सांडली. एकानं दार उघडून तिला केसांना धरून बाहेर ओढलं आणि तोंडावर गुडघा हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला.

"बाईमाणसाला हात लावणार न्हवतो," प्रज्वल म्हणाला. "पण तुमी ऐकतच न्हाई."

केस धरणाऱ्याच्या हाताला ती चावली, तोंडात त्याचं रक्त येईपर्यंत. तेवढ्यात कोयता खाली आला. तिनं डावा हात आडवा धरला, आणि मनगट हाडापर्यंत उघडलं. नटराजन हात जोडत खाली उतरले. त्यांच्या खांद्यावर गज बसला, तसे ते रस्त्यावर बसूनच राहिले.

मग ते तिघं गाडी फोडायला वळले. इंजिन चालूच होतं. जयमाला रांगत आत चढली. डावा हात लटकत होता, म्हणून उजवा हात आडवा नेऊन तिनं गिअर टाकला. प्रज्वल जीपला पाठ लावून तिच्या गाडीच्या बॉनेटवर कोयता हाणत होता. दोघांची नजर एक झाली. तिनं अॅक्सिलेटर दाबला.

त्याचा पाय दोन गाड्यांच्या मधे सापडला. "आई गं" एवढंच तो ओरडला. तिनं गाडी मागं घेतली आणि पुन्हा घातली. बाकीचे दोघं त्याला तिथंच टाकून शेतातून पळाले.

"साहब, बैठो," ती म्हणाली.

नटराजननी पुढं बसून स्वतःचा सदरा काढला आणि तिचं मनगट आवळून धरलं. जीपला वळसा घालून ती निघाली; काच नसलेल्या गाडीत धूळ रक्ताला चिकटत होती. हॉटेलच्या फाटकावर वॉचमन आडवा आला, पण आत बघून बाजूला झाला. पायरीशी गाडी लावून ती म्हणाली, "साहब, हॉटेल आ गया." मग स्टिअरिंगवर पडली. खोलीकडं न जाता नटराजन तिच्याबरोबर दवाखान्यात गेले.

हात वाचला, पण मनगट वळत नाही. प्रज्वलचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कोर्टात त्याच्यावर खटला चालू आहे आणि तिच्यावरही. रणजीतनं ते काम सोडून दिलं. जयमाला त्याच्याशी फारशी बोलत नाही. बिनागिअरची गाडी घेऊन ती स्वतःचं भाडं मारते.

एकदा प्रज्वलची आई, सोजरबाई, थेरगावला आली. पाणी घेतलं नाही.

"मी भांडायला न्हाई आले," ती म्हणाली. "त्यानं तुझं वाटोळं केलं, ते कळतंय मला. एवढंच सांग, दुसऱ्यांदा थांबता आलं न्हाई का तुला?"

जयमालानं पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"आलं असतं, आत्या," ती म्हणाली. "थांबायचंच न्हवतं."

सोजरबाईनं पदरानं तोंड पुसलं, उठली आणि चालायला लागली. जयमाला तिच्या मागं रस्त्यापर्यंत गेली आणि तिला रिक्षात बसवून दिलं.