मालकांची दाढी

मालकांच्या दाढीला कात्री लागायची ती फक्त माझ्या देखरेखीखाली. कोथरूडच्या सलूनमध्ये ते खुर्चीत बसत आणि मी शेजारी मोबाइलवर त्यांचाच जुना फोटो धरून उभी. बाकीच्या गिऱ्हाइकांना मी फार कडक बायको वाटत असणार. "जुळते का?" ते आरशातून विचारत. मी हनुवटीकडे बोट दाखवायची आणि कारागीर मुकाट्यानं आणखी चार केस उडवायचा.

मी त्यांच्या चित्रपटाची कंटिन्यूइटी सांभाळत होते. म्हणजे आजच्या शॉटमधला माणूस आणि सहा महिन्यांनी घेतलेल्या शॉटमधला माणूस एकच दिसतोय ना, हे बघायचं. 'मालक' हे नाव युनिटनं ठेवलेलं. त्याआधी ते दुसऱ्यांच्या छोट्या चित्रपटांत थोरल्या भावाची कामं करत. "मी मेल्याशिवाय मध्यंतर होत नाही," म्हणायचे. शेवटी स्वतःच दिग्दर्शक झाले, निर्माते झाले आणि नायकही, कारण "फुकट राबणारा नट एवढा एकच ओळखीचा होता."

नायकाच्या आईचं काम त्यांच्या खऱ्या आईंनीच केलं. कसब्यातल्या गल्लीत शॉट चालू असतानाच त्या विचारायच्या, "जेवलास का रे?" साऊंडवाला कपाळावर हात मारून घ्यायचा.

शेवटचा प्रसंग राहिला आणि पैसे संपले. खूप वर्षांनी घरी आलेला मुलगा दार वाजवतो, आई दार उघडते, एवढाच प्रसंग. त्यासाठी मालकांनी दाढी राखली ती वर्षानुवर्षं राखलीच. चांगल्या भूमिका चालून आल्या, पण दाढी काढा म्हटलं की ते नाही म्हणून सांगत. पोट कशावर भरता, असं मी एकदा चिडून विचारलं. "दाढीवरून हात फिरवला की भरतं."

अखेर कशीबशी जुळवाजुळव झाली. तोवर आईंना विसर पडायला लागला होता. "दार तर उघडायचंय नुसतं," मालक आम्हाला आणि स्वतःला सांगत होते. कॅमेरा सुरू झाला. आईंनी दार उघडलं, समोरच्या दाढीवाल्याकडे नीट पाहिलं आणि अदबीनं म्हणाल्या, "अहो, कोण हवंय आपल्याला?"

'कट' म्हणायचं ते मालकांनीच, आणि ते उंबऱ्याबाहेर तसेच उभे. शेवटी कॅमेरामननंच कॅमेरा बंद केला.

"घरातही बरेच दिवस 'आपण' म्हणतेय," ते नंतर मला म्हणाले. "मला वाटलं, टोमणा मारतेय."

पुण्यात जन्म गेलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

दुसऱ्या दिवशी उरलेले शॉट घ्यायचे होते. सकाळीच त्यांचा फोन आला. त्यांनी दाढी काढली होती. आईंनी गालावरून हात फिरवला होता आणि म्हणाल्या होत्या, "किती बारीक झालास रे."

मी भडकले. "एवढी वर्षं सांभाळलीत, मालक. आजचा एक दिवस थांबला असतात तर?"

"ज्याला आई ओळखत नाही त्याचा पिक्चर कोण बघणार?"

राग आलाच होता, पण फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

चित्रपट तसाच अर्धवट पडून आहे. मध्यंतरी त्यांच्या घरी गेले. आई खिडकीशी बसल्या होत्या आणि मालकांना "आपण चहा घेणार का?" असं विचारत होत्या. 'रे' त्या एका सकाळपुरतंच आलं होतं. मालकांचे गाल मात्र गुळगुळीत. हनुवटीजवळ ब्लेड लागल्याची ताजी खूण होती.

"रोज करता?" मी विचारलं.

"रोज." त्यांनी आईंकडे पाहिलं. "कंटिन्यूइटी."