दोष औषधाचा

शिवणकारखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. बावीस वर्षं ती तयार शर्ट तपासत आली होती. खोट दिसली की तिथे चिठ्ठी टाचायची: ‘दोष शिलाईचा’, ‘दोष इस्त्रीचा’. इस्त्रीवाल्याचं पाप कापडाच्या माथी मारलेलं तिला खपत नसे.

वजन उतरवायच्या गोळ्या तिला डॉक्टरांनीच दिल्या होत्या. तीन वर्षं तिने त्या नेमाने घेतल्या. मग त्या बाजारातूनच उठल्या. हृदयाच्या झडपा खराब करतात म्हणे. मावशीच्या दोन गेल्या होत्या. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला दोन महिन्यांची मुदत दिली, आणि तेवढ्यात कारखान्याचा मालक बदलला. त्याबरोबर कामगारांचा जुना विमा संपला. नव्या विमा कंपनीच्या अर्जात ‘पूर्वीचा आजार’ असा रकाना होता. मावशीने सवयीने लिहिलं, ‘आजार नाही. दोष औषधाचा.’

अर्ज नामंजूर झाला. नवऱ्याला घेऊन ती कंपनीच्या चौथ्या मजल्यावर गेली.

“मावशी, दोष कुणाचा हे आम्ही विचारतच नाही,” खिडकीतली मुलगी म्हणाली. “झडप खराब आहे की नाही, एवढंच.”

“मग कुणाचा ते कुठे लिहायचं, ताई?”

“त्याला रकाना नाही.”

“समासात लिहू द्या की,” नवरा म्हणाला. “एवढी जागा काय शोभेला सोडलीय?”

मुलगी हसली नाही. हळूच म्हणाली, “तुम्ही काहीच लिहिलं नसतं तर...” आणि थांबली.

जिन्यात नवऱ्याने तेच धरलं. “नवा अर्ज भर. तब्येत ठणठणीत लिही.”

“अहो, औषधवाल्यांवर दावा लावलाय. तिथे शपथेवर सांगितलंय, झडपा गेल्या म्हणून. इथे ठणठणीत लिहिलं तर दोन्हीकडे खोटी ठरेन.”

“त्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत तू...” त्याने पुढचं गिळलं.

“बोला की. मी काय?”

“पाणी पी.”

ती पायरीवर बसली. दम छातीत मावत नव्हता. “वर जा,” ती म्हणाली, “नकार का दिला ते लिहून मागा. कागद असला तर तक्रार तरी करता येईल.”

तो गेला. थोड्या वेळाने रिकाम्या हाताने परत आला.

“साहेब जेवायला गेलेत. अडीचला या म्हणाली ती मुलगी.”

“बसू,” ती म्हणाली. उठायची ताकद तशीही नव्हती.