टाकीतल्या सवतीची कात

खोटं कशाला बोलू, माझी सवत चार फूट लांब होती आणि तिला पाय एकही नव्हता. नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण नोकरी सोडून मायदेशी निघाला, तेव्हा त्याने पाळलेला साप, कॉर्न स्नेक, आखातातल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये आला. बिनविषारी, केशरी, मादी. हॉलमध्ये टीव्हीशेजारी तिची काचेची टाकी. माझे देव मात्र किचनच्या कोपऱ्यात!

नवरा सोमवार ते शुक्रवार अबुधाबीला, कंपनीच्या रूमवर. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. "जेवलीस का?" एवढं विचारून झालं की लगेच, "अगं, कॅमेरा जरा तिच्याकडे वळव ना." मग दहा मिनिटं लाडीगोडी. "काय गं सोने, झोपलीस का?" लग्नाला अकरा वर्षं झाली, मला कधी सोने म्हणाला नाही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मे महिन्यात तिचा रंग मळकट झाला, डोळ्यांवर निळसर दुधाळ पडदा आला. "कात टाकणार आता!" बायकोचे दिवस भरल्यासारखा हरखला तो. "एसीने हवा कोरडी होते. सकाळ-संध्याकाळ टाकीत पाण्याचा फवारा मार. ओल राहिली की अख्खी कात एकसंध निघते. मारशील ना?"

"मारते की," म्हटलं.

नाही मारला. चार दिवस नाही मारला. त्याच आठवड्यात मला ताप होता, घसा बसला होता, आणि तुझा आवाज असा का येतोय, हे त्याने एकदाही विचारलं नाही. मग म्हटलं, जाऊ दे खड्ड्यात! फोनवर मात्र "हो, मारला" सांगायची.

शुक्रवारी सकाळी बघते तर काय, कात तुकड्यातुकड्यांनी निघालेली. पाठीवर चिंध्या लोंबतायत आणि शेपटीच्या टोकाला सुकल्या कातीचं घट्ट कडं. ती बिचारी दगडाला अंग घासत होती, पुन्हा पुन्हा. असं कडं राहिलं तर रक्त पोचत नाही, टोक वाळून गळून पडतं, हे त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. भांडण माझं त्याच्याशी आणि शिक्षा हिला.

कात ओढायची नाही, खालची नवी कातडी फाटते, हेही त्याच्याकडूनच ऐकलेलं. प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडली, तळाशी बोटभर कोमट पाणी घातलं, मनगटावर तपासलं. तोवर मी तिला हात लावला नव्हता. गिळगिळीत असेल म्हणून श्वास रोखून उचललं, तर चांगली मऊसूत निघाली. अर्धा तास तिला पाण्यात ठेवलं, मग ओला टॉवेल दोन्ही मुठींत सैल धरला आणि तिला त्यातून सरकू दिलं. पाठीवरच्या चिंध्या टॉवेलला चिकटून आल्या. टाकीत डोक्याची कात सापडली, तिच्यावर दोन्ही डोळ्यांच्या चकत्या दिसल्या, म्हणजे डोळ्यांवरची कात सुटली होती. शेपटीचं कडं मात्र ढिम्म. पुन्हा पाणी, पुन्हा टॉवेल. दुपारी तिसऱ्या खेपेला ओल्या कापसाने हळूहळू चोळलं, तेव्हा ते घरंगळून हातात आलं. बाई गं, रडलेच मी.

संध्याकाळी तो घरी आला. मी काही लपवलं नाही. "फवारा मारला नाही. मुद्दाम. ताप होता मला, घसा बसला होता," म्हटलं. त्याने आधी शेपटीचं टोक निरखून बघितलं.

"बरं नव्हतं, तर सांगायचंस ना."

"तू विचारलंस कुठे?"

शनिवारी जाऊन आपोआप फवारा मारणारं यंत्र घेऊन आला. सोबत टाकीवर लावायचा कॅमेरा, मोबाइलवर दिसणारा. "आता तुला त्रास नको," म्हणाला. खलास! सोमवारी कॉल दोन मिनिटांचा. मंगळवारी नुसता मेसेज: 'दिसली. मजेत आहे.' म्हणजे तिच्या निमित्ताने जे माझ्या वाट्याला येत होतं, तेही गेलं. जळफळाट झाला नुसता.

बुधवारी संध्याकाळी मी टाकीजवळ गेले. फवाऱ्याच्या यंत्राला हात लावला नाही. फक्त कॅमेऱ्याचा प्लग काढला आणि सोफ्यावर बसून राहिले. पाच मिनिटं झाली नाहीत, तोच फोन वाजला.

"अगं, काय झालं? काहीच दिसत नाहीये!"

"तिला काही झालेलं नाही. प्लग मी काढलाय," मी म्हटलं. "आता मी कशी आहे, ते विचार."