आकृती १४ पाहा

आमच्या ऑफिसात कुणीतरी आकृत्यांचे नंबर हाताने टाईप करतं. नाव घेत नाही. पण ज्याने कुणी 'आकृती १४ पाहा' एवढं कीबोर्डवर बडवलं आणि निवांत घरी गेला, त्याला माझं एकच विचारणं आहे: सॉफ्टवेअरमध्ये क्रॉस-रेफरन्सचं बटण काय शोभेला दिलंय?

ते बटण दाबून नंबर घातला की तो आकृतीला बांधलेला राहतो. मध्येच नवं चित्र आलं, चौदाचं पंधरा झालं, तर मजकुरातही पंधरा होतं. हाताने टाईप केलेला चौदा मात्र मरेपर्यंत चौदा!

आम्ही यंत्रांची माहितीपुस्तकं करतो. कागल एमआयडीसीतले कारखाने मजकूर आणि ड्रॉइंग पाठवतात, आम्ही त्याचं पुस्तक करून देतो. अशा ऑफिसात किस्से आकृत्यांसारखेच साठतात. एक मध्ये घुसला की पुढच्या सगळ्यांचा क्रम बदलतो. हे सगळे मात्र एकाच पुस्तकाचे. नवा यंत्रमाग, जाणार इचलकरंजीला. त्यातलं एक वाक्य मला पाठ झालं होतं: 'धागा अडकल्यास आत हात घालण्यापूर्वी आकृती १४ मधील खटका खाली ओढा.' खटका ओढला की माग थांबतो. इथे चूक झाली तर कुणाचा तरी हात जाणार.

*

पुस्तक होत आलं होतं आणि कारखान्याच्या मालकांचा फोटो आला. मागाशेजारी उभे, गळ्यात हार. पहिल्या पानावर घाला म्हणाले. घातला. खाली आपोआप 'आकृती १' आलं आणि बाकी सगळ्या आकृत्या एकेक घर पुढे सरकल्या. खटका गेला पंधरावर, चौदावर आलं तेल सोडायचं भोक. मजकुरात तोच बडवलेला चौदा. म्हणजे आत हात घालण्यापूर्वी तेलाचं भोक बघत बसा!

मी प्रिंटआउट घेऊन मगदूम सरांच्या केबिनमध्ये घुसले. ऑफिस त्यांचं, हयात पुस्तकं काढण्यात गेलेली. ही पद्धतच बदलायला हवी, वगैरे मी बरंच बोलले. सरांनी शांतपणे चष्मा पुसला.

"मालकांना आकृती म्हणू नका," ते म्हणाले. "ते छायाचित्र."

फोटोचा नंबर काढला. खटका परत चौदावर. सरांच्या मते प्रश्न मिटला!

*

माझ्या मते नव्हता मिटला. मी 'आकृती' हा शब्द सर्च करत सुटले आणि पुस्तकभरातले हाताने टाकलेले नंबर काढून बटणाने घातले. दुपारी जाहीरही केलं की एकही राहिलेला नाही.

आमच्या प्रूफरीडर कांबळे मॅडम लाल पेन घेऊन आल्या. त्यांच्या हातातल्या तीन पानांवर 'आक्रुती' होतं, 'आकृति' होतं आणि एके ठिकाणी तर 'आक्रती'. सर्च या सगळ्यांना ओलांडून सरळ पुढे गेला होता. एवढं साधं कॉम्प्युटरला कळू नये का, म्हणून मी चिडचिड केली.

"त्याला शुद्धलेखन येत नाही, बाळ," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर मी आहे."

*

कारखान्याचा मूळ मजकूर इंग्रजीत होता. देखभालीच्या प्रकरणात काही क्रॉस-रेफरन्स आधीच तुटलेले, तिथे सॉफ्टवेअरने ठळक अक्षरांत आपली तक्रार छापलेली. बाहेरच्या भाषांतरकाराने प्रामाणिकपणे तिचंही मराठी केलं: 'त्रुटी! संदर्भाचा स्रोत सापडला नाही.' सात ठिकाणी! मराठी इतकं निर्दोष की कुणाला खटकलंच नाही. कच्ची प्रत तशीच कारखान्यात गेली.

तिसऱ्या दिवशी तिथल्या इंजिनिअरचा फोन आला. आवाज जरा ओशाळलेला. त्याने म्हणे सगळा माग पालथा घातला होता, सगळी ड्रॉइंग तपासली होती.

"हा संदर्भाचा स्रोत आमच्याकडून बसवायचाच राहिलाय," तो म्हणाला. "कुठं मिळंल?"

*

पानं लावतो अभिजित. चित्र बसलं नाही की तो ते कापायचा आणि दुसरीकडे चिकटवायचा. कापलं की जोडणी तुटते. शेवटी मी त्याच्या मॉनिटरवर चिठ्ठी लावली: 'हलव, कापू नकोस.'

शेवटच्या दिवशी त्याने हाक मारली. आकृती १४ मधला खटका नेमका बाइंडिंगच्या घडीत जात होता. म्हणून त्याने चित्र न कापता, आरशात दिसावं तसं नुसतं फिरवून घेतलं होतं आणि बाण नव्याने लावले होते. आता खटका पानाच्या मोकळ्या बाजूला, ठसठशीत.

मी एकच विचारलं, "नंबर हलला नाही ना?"

"जागचा नाही."

मी त्याला टाळी दिली!

*

छापायला देण्याआधी पुस्तक माग चालवणाऱ्याच्या हातात द्यायचं, हा माझा हट्ट. आजवर असं कुणी केलं नव्हतं, पण सरांनी स्वतः गाडी काढली. इचलकरंजीच्या एका शेडमध्ये पहिला माग बसवून चालू झाला होता. त्यावर दादूअण्णा होते. जन्म मागावर गेलेला, उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच.

सरांना "या पावणं" म्हणत त्यांनी माग थांबवला. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि बाकीच्या मागांच्या खडखडाटात ओरडून ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी ते मागावर टेकवून डाव्या हाताने पानं चाळली. चौदा नंबर क्षणात सापडला! निकाल लागल्यासारखं मी सरांकडे पाहिलं.

अण्णांनी चित्र बघत बघत डावा हात पुढे केला. तिथे नुसती लोखंडी चौकट होती. त्यांनी चाचपलं. परत चित्र पाहिलं, मग माग पाहिला. त्यांचा उजवा हात मघापासून खटक्यावरच होता.

मग त्यांनी पुस्तक माझ्याकडे केलं.

"नंबर बरोबर हाय की, ताई. आमीच माग उलटा बसिवलाय म्हनायचं."